बॉस, पर्लकोटा आणि टीपी बुक

तुम्ही हे बहुधा फोनवर वाचताय, म्हणून आधीच सांगून टाकतो. हा लेख टेबलावरच्या कॉम्प्युटरबद्दल आहे. त्यातही ज्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल आहे, ती तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली नसेल. तिचं नाव बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रात ती तयार होते. पहिली आवृत्ती २००७ साली आली. मुळात ती लिनक्सच आहे. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक मिळून 'डेबियन' नावाची प्रणाली बांधत आलेत. तिच्यावर भारतीय भाषांचे फॉन्ट, की-बोर्ड, अनुवाद आणि काही सोयी चढवल्या की बॉस होतो. तो फुकट मिळतो, कुणालाही त्याची कॉपी करून वाटता येते आणि त्याचा सोर्स कोड उघडा आहे.

बॉसच्या आवृत्त्यांची काही नावं वाचा: तरंग, अनंत, तेजस, अनोखा, अनूप, दृष्टी, उन्नती, ऊर्जा, प्रज्ञा. सगळी चांगलीच नावं आहेत. पण ती सरकारी इमारतींना शोभतील अशी आहेत. कॉम्प्युटरवर बसून करायच्या कामाचा वास त्यातल्या एकालाही नाही. चंद्रपूरचा असल्यामुळे मी 'ऊर्जा'पाशी जरा जास्त थांबतो. आमच्याकडे ऊर्जानगर आहे, तिथे २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र आहे, आणि तिथून दीड-दोनशे किलोमीटरवरच्या भामरागडात पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो. ऊर्जा तयार होण्याची जागा आणि तिची गरज असलेली जागा यांच्यात किती अंतर असू शकतं, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बॉसबद्दलची माझी तक्रारही याच अंतराची आहे.

आज ना उद्या बॉसची पुढची आवृत्ती येईल. तिच्यात आधी काय करायचं आणि नंतर काय, याची एक यादी कुठेतरी केली जाईल. ती यादी कुठून सुरू व्हावी, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे. माझं उत्तर असं की ती सगळ्यात जुन्या, सगळ्यात लांबच्या, सगळ्यात कमी नेटवर्कच्या मशीनपासून सुरू व्हावी. तिथे चालेल ते दिल्ली-पुण्यात आपोआप चालेल. उलट होत नाही.

आधी एक शंका. फोन असताना कॉम्प्युटर हवाय कुणाला? गडचिरोलीत हवाय, आणि त्याचं कारण जंगल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि या जिल्ह्यात ते मोठ्या प्रमाणावर मिळाले. ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव करतात, बांबू विकतात. हक्काबरोबर कागद येतात. कुणी किती पुडे आणले याची यादी, कुणाच्या खात्यात किती मजुरी गेली याचा हिशेब, ठरावांची वही, ऑडिट, जंगलाचा आराखडा, नकाशा. फोनवर ठरावाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकता येतो. तीनशे मजुरांच्या मजुरीची तपासणी फोनच्या पडद्यावर करून बघा. मधलीच एक ओळ बोटाखाली सरकते आणि कुणाचे तरी पैसे कुणाच्या तरी नावावर जातात. असल्या कामाला की-बोर्ड लागतो, मोठा पडदा लागतो, प्रिंटर लागतो.

मग त्या टेबलावर असतं काय? कुठल्या तरी योजनेतून आलेला किंवा शहरातून सेकंडहँड आणलेला कॉम्प्युटर. त्यात विंडोज १०, तीही बऱ्याचदा कुणाच्या तरी मित्राने 'टाकून दिलेली'. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते, शिवाय साधारण २०१८ च्या आधीचे प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. म्हणजे इथल्या बऱ्याच मशीन एका तारखेला अधिकृतपणे म्हाताऱ्या झाल्या. बॉससारख्या प्रणालीला इतकी मोठी संधी गेल्या अठरा वर्षांत आली नव्हती. कुणाच्या हातून विंडोज हिसकावायची गरज नाही. विंडोजनेच ज्यांना सोडून दिलं, त्यांना धरायचं आहे.

पण त्यासाठी पहिलं प्राधान्य जुन्या मशीनला द्यावं लागेल. इथे एक अडचण वरूनच येते. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट कॉम्प्युटरसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल देणं थांबवलं. डेबियन १२ ला सुरक्षेचे अपडेट जून २०२८ पर्यंत मिळतील, पुढे नाही. बॉसने डेबियनच्या मागे जशीच्या तशी पावलं टाकली, तर तो सगळ्यात जुन्या मशीन मागे सोडून पुढे जाईल. आता हेही खरं की ३२-बिट विंडोज घातलेल्या कितीतरी मशीनचे प्रोसेसर मुळात ६४-बिट असतात. रॅम कमी म्हणून कुणीतरी तसं घातलेलं असतं. अशा ठिकाणी खरा प्रश्न २ जीबी रॅममध्ये काय नीट चालेल हा असतो. चकचकीत डेस्कटॉप तिथे फाइल उघडायच्या आतच रॅम खाऊन बसतो. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखे हलके डेस्कटॉप तयार आहेत, कुणाला नव्याने लिहायचे नाहीत. इन्स्टॉलरने मशीन तपासावी आणि स्वतःच सांगावं, की 'या मशीनसाठी हलका डेस्कटॉप बरा'. मराठीत सांगावं.

दुसरं प्राधान्य नेटवर्कचं, खरं तर नेटवर्क नसण्याचं. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येतो, भामरागडचा पूल पाण्याखाली जातो आणि तालुका बाकीच्या जगापासून तुटतो. अशा जागी 'अपडेटसाठी इंटरनेटला जोडा' ही सूचना विनोदी वाटते. गंमत म्हणजे याचं उत्तर डेबियनच्या घरातच आहे. 'ॲप्ट-ऑफलाइन' नावाचं एक साधन आहे. बिननेटच्या मशीनवर ते एक छोटी फाइल बनवतं आणि त्यात काय-काय हवंय ते लिहितं. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून नेट असलेल्या मशीनवर न्यायची, तिथे सगळं उतरवायचं, परत येऊन मूळ मशीनमध्ये टाकायचं. प्रत्येक पॅकेजवर सहीची साखळी असते, त्यामुळे वाटेत कुणी भेसळ केली तर ती पकडली जाते. अडचण एवढीच की हे साधन काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे. त्याला दोन बटणांचा चेहरा द्यायचा: 'यादी पेनड्राइव्हवर घ्या' आणि 'पेनड्राइव्हवरून अपडेट करा'. आठवडी बाजाराला तालुक्याला जाणारा माणूस मीठ-तेलाबरोबर अपडेटही घेऊन येईल. मी हे विनोदाने लिहीत नाहीये. इकडे सिनेमे आणि गाणी बरीच वर्षं अशीच, पेनड्राइव्हवरून आणि मेमरी कार्डावरून गावोगाव पोहोचली.

विजेचंही तसंच. लिब्रेऑफिसमध्ये फाइल आपोआप वाचवून ठेवायची वेळ मुळात दर १० मिनिटांनी अशी लावलेली असते. वीज टिकते तिथे हा आकडा ठीक आहे. ज्या खोलीत यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली आहे, तिथे १० मिनिटं म्हणजे चाळीस मजुरांच्या ओळी. तो आकडा २ करायला ना संशोधन लागतं ना निधी. एक सेटिंग बदलून ते इन्स्टॉलरमध्ये भरायचं. मात्र अशी गोष्ट कुठल्याही घोषणेत शोभत नाही. 'या आवृत्तीत आम्ही १० चे २ केले' असं कोण सांगणार? आणि जे सांगण्याजोगं नसतं, ते यादीत खाली-खाली सरकत जातं.

तिसरं प्राधान्य यंत्रांचं. गेली काही वर्षं मी ओळखीच्यांच्या जुन्या मशीनवर वेगवेगळे लिनक्स घालून देतो. एका तालुक्याच्या गावी दाखले काढून देणाऱ्या दुकानदाराला मी लिनक्स दाखवलं. त्याने दहा मिनिटं शांतपणे पाहिलं. वेग आवडला, व्हायरसची कटकट नाही हे आवडलं. मग त्याने एकच प्रश्न विचारला, "अंगठ्याची मशीन चालते का जी?" त्याच्याकडच्या अंगठ्याच्या मशीनचा ड्रायव्हर विंडोजचा होता. डिजिटल सहीच्या टोकनची तीच गत. विषय तिथेच संपला आणि तो संपणं रास्तच होतं. त्याचं पोट त्या अंगठ्यावर आहे.

मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं. धोरण चांगलं आहे, पण कागदावरचं प्राधान्य आणि यूएसबी पोर्टमधलं प्राधान्य यांत फरक असतो. सरकारी कामाला लागणारं प्रत्येक यंत्र विकत घेताना 'याचा लिनक्स ड्रायव्हर आहे का' ही अट घालता येते. ही अट बॉसचे प्रोग्रामर घालू शकत नाहीत, खरेदी करणारं सरकार घालू शकतं. आणि बॉस सरकारचाच आहे. प्रिंटर, स्कॅनर, अंगठा, सही या चार गोष्टी चालल्याशिवाय डेस्कटॉपची पार्श्वभूमी कुठल्या रंगाची आहे याला काही अर्थ नाही.

याबाबत बाहेरची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. दहा वर्षं खपून हजारो मशीन बदलल्या आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव केला. त्यामागे राजकारण होतं, तसंच वेगवेगळ्या खात्यांच्या खास सॉफ्टवेअरचं न जुळणंही होतं. दुसरीकडे केरळच्या शाळा. तिथे 'आयटी ॲट स्कूल', म्हणजे आताच्या 'काइट'ने शाळांसाठी स्वतःचं लिनक्स बनवलं, पाठ्यपुस्तकं त्यातल्याच सॉफ्टवेअरवर लिहिली, शिक्षकांना त्याच्यावर शिकवलं आणि परीक्षाही त्याच्यावर घेतली. २०१९ मध्ये दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरच्या हिशेबाने ३००० कोटी रुपये वाचल्याचं त्यांनी सांगितलं. आकड्यावर वाद घाला, पण तिथे लिनक्स टिकलं हे नाकारता येत नाही. ते टिकलं कारण पुस्तक, शिक्षक आणि मशीन एकाच गोष्टीबद्दल बोलत होते. आपल्याकडे मुलगा एमएस-सीआयटी करतो ते साधारणपणे विंडोज आणि एमएस ऑफिसवर. त्याच्यासमोर नंतर बॉस ठेवणं म्हणजे सायकल शिकवून बैलगाडी हाती देणं. बैलगाडी वाईट नसते. शिकवलेलं वेगळं असतं. शाळांसाठी 'एड्युबॉस' नावाची आवृत्ती आहेच. तिला सॉफ्टवेअरपेक्षा पुस्तकाची आणि शिक्षकाची जास्त गरज आहे.

चौथा मुद्दा मराठीचा. इथे मी साहित्याच्या वेबझिनमध्ये लिहितोय याचा फायदा घेतो. कॉम्प्युटरचा मेनू हाही मजकूर असतो. एखादी कविता आपण दोनदा वाचतो, 'सेव्ह'चं बटण दिवसातून शंभर वेळा. त्याची समीक्षा कुणी करत नाही.

लिनक्सचं मराठीकरण २००० नंतरच्या वर्षांत सुरू झालं. त्यातलं बरंचसं काम मोजक्या लोकांनी, पुष्कळदा पदरमोड करून केलं. त्यांचे उपकार मानून मगच पुढचं बोललं पाहिजे. या अनुवादांत एकच गोष्ट कुठे 'साठवा' असते, कुठे 'जतन करा'. फोल्डर कुठे 'संचयीका' होतं, कुठे 'निर्देशिका', कुठे फोल्डरच राहतं. पेनड्राइव्ह 'माउंट' होण्याला 'आरोहीत' होणं म्हटलेलं मी वाचलंय. पेनड्राइव्ह घोड्यावर बसतोय असं चित्र डोळ्यांपुढे येतं. आणि मधूनच एक अख्खी खिडकी इंग्रजीत उघडते, कारण तिचा अनुवाद करायला कुणी उरलेलं नसतं. नेमका चुकीचा संदेश इंग्रजीत येतो. सगळं सुरळीत असताना मराठी आणि काहीतरी बिघडल्यावर इंग्रजी, म्हणजे गरज पडली की भाषा काढून घेतल्यासारखं.

शुद्ध शब्द हवेत की रुळलेले, हा वाद मला इथे घालायचा नाही. 'चिकटवा' हा शब्द बघा, तो शुद्ध आहे आणि सोपाही आहे, पेस्ट म्हणजे काय ते लहान मुलालाही कळतं. 'फोल्डर' इंग्रजी आहे आणि तोही सोपा आहे. माझी कसोटी वेगळी आहे. ज्या मुलीने आजवर फक्त मराठीतला फोन वापरलाय, तिला कुणालाही न विचारता पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढता आला पाहिजे. जो शब्द तिला अडवतो, तो बदलायचा. तुमच्या फोनमध्ये 'सेव्ह करा' असेल, तर कॉम्प्युटरने 'साठवा'चा हट्ट धरताना तिच्या डोक्यात आधीच बसलेल्या शब्दाचा विचार करावा. याची पद्धतही माहीत आहे. 'फ्युएल' नावाच्या प्रकल्पात नेहमी लागणाऱ्या शब्दांच्या भाषावार याद्या वापरणाऱ्यांबरोबर बसून ठरवल्या गेल्या. तशी बैठक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात घ्या. त्यात अनुवादक दोन असू द्या आणि ग्रामसभेचे हिशेब लिहिणारी मुलंमुली वीस असू द्या.

मराठीचं आणखी एक काम बाकी आहे, ते जुन्या फाइलींचं. युनिकोडच्या आधी आपण ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं, त्यातलं अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं चित्र. तो फॉन्ट नसला की पूर्ण ठराव 'पीक्यूझेड' छाप कचरा दिसतो. यातले डीव्हीबी-टीटी मालिकेचे फॉन्ट खुद्द सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरबरोबर आले होते. अशा मजकुराचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर सुटे-सुटे मिळतात. ते फाइलवर राइट-क्लिक केल्यावर समोर यायला हवेत. ज्या संस्थेने कुलूप बनवलं, तिच्याइतकी चांगली किल्ली दुसरं कोण बनवणार?

आता पाचवा मुद्दा. माझ्या मते सगळ्यात जड.

बॉस १८ भारतीय भाषांत चालतो असं सांगितलं जातं. या अठराही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आहेत. २०११ च्या जनगणनेत कोकणीचे भाषक साडेबावीस लाखांच्या आसपास होते, बोडोचे सुमारे पंधरा लाख, संस्कृत मातृभाषा सांगणारे पंचवीस हजारांहून कमी. या तिन्ही भाषा बॉसच्या यादीत आहेत आणि असायलाच हव्यात. त्याच जनगणनेत गोंडी भाषक जवळजवळ तीस लाख होते. ती आठव्या अनुसूचीत नाही, म्हणून ती त्या यादीतही नाही. भामरागडच्या माडियाची तर गोष्टच सोडा. ऑपरेटिंग सिस्टीमने घटनेची अनुसूची वाचून भाषा निवडली, माणसं मोजून नाही.

आणि बाकीच्या जगाने गोंडीसाठी पाया घालून ठेवला आहे. १९१८ मध्ये बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी बनवलेली मसराम गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यात गुंजाला नावाचं गाव आहे. तिथे जुनी हस्तलिखितं सापडली आणि त्यांतली गुंजाला गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. दोन्ही लिप्यांचे नोटो फॉन्ट फुकट मिळतात. सीजीनेट स्वराच्या पुढाकाराने वेगवेगळ्या राज्यांतले गोंडी बोलणारे एकत्र बसले आणि सगळ्यांना चालेल असा प्रमाण शब्दकोश तयार करू लागले. 'प्रथम बुक्स'च्या गोष्टी गोंडीत आल्या. आणि आमच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. उद्या त्या शाळेत कॉम्प्युटर आला तर त्याने कुठल्या भाषेत 'या' म्हणायचं?

एखादी भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला 'माहीत' होण्यासाठी सुरुवातीला फार थोडं लागतं. लोकेल नावाची एक फाइल असते. तिच्यात महिन्यांची नावं, वारांची नावं, तारीख लिहायची पद्धत, अक्षरांचा क्रम असं काही असतं. मग की-बोर्ड, फॉन्ट आणि मेनूतले पहिले काही शे शब्द. कोणती लिपी, हा वाद गोंडी समाजाचा आहे आणि तो त्यांनीच सोडवावा किंवा सोडवू नये. गडचिरोलीत बरंचसं लेखन देवनागरीत होतं, पलीकडे तेलुगू लिपीत होतं, आणि मसराम व गुंजालाचा आग्रह धरणारेही आहेत. प्रणालीने निवाडा न देता चारही दरवाजे उघडे ठेवावेत. हे काम पैशाने फार महाग नाही. त्याला गावात येऊन बसावं लागतं, ते महाग वाटतं.

इथपर्यंत वाचून कुणीही विचारेल, की एवढं सगळं सांगतोस, तर सरळ डेबियन किंवा लिनक्स मिंट का घालत नाहीस? बॉस हवाच कशाला? प्रश्न बरोबर आहे आणि बॉसच्या टीमने तो रोज सकाळी स्वतःला विचारावा असं मला वाटतं. डेबियनवर वेगळं नाव आणि वेगळं चित्र लावणं हे जिवंत राहण्याचं कारण होऊ शकत नाही. जे डेबियन आपल्यासाठी करणार नाही, तेवढंच बॉसने करावं: आपल्या भाषा, आपली अंगठ्याची यंत्रं, आपल्या जुन्या फाइली, आपली तुटणारी वीज आणि नेटवर्क. आणि जे केलं ते परत डेबियनला द्यावं, म्हणजे उद्या बॉस बंद पडला तरी गोंडीचा की-बोर्ड बंद पडणार नाही. स्वतःच्या प्रणालीत कोंडून ठेवलेला अनुवाद प्रणालीबरोबर मरतो.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. ऑगस्ट २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालय उबंटूवर आधारित 'माया' नावाची प्रणाली आणत असल्याच्या बातम्या आल्या. तेव्हापासून 'देशी ऑपरेटिंग सिस्टीम' म्हटलं की चर्चा सायबर हल्ल्यांकडे जाते. ती गरज खरी आहे. पण सुरक्षेच्या डेस्कटॉपवर बसणाऱ्याला वरून हुकूम येतो, त्याला पर्याय नसतो. ग्रामसभेच्या मुलाला पर्याय असतो, तो दुसऱ्या दिवशी चोरीची विंडोज टाकून मोकळा होतो. आणि अपडेट नसलेली चोरीची विंडोज ही सुरक्षेची भली मोठी भगदाडंच आहेत. म्हणून जुन्या मशीनवर नीट चालणं, हेही सुरक्षेचंच काम आहे.

तिसरा आक्षेप मनुष्यबळाचा. टीम मर्यादित, कामं अमाप. मान्य. म्हणूनच तर क्रम महत्त्वाचा. माणसं भरपूर असती तर प्राधान्याचा प्रश्नच आला नसता.

आता टीपी बुकाची गोष्ट सांगतो. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तुम्ही ऐकलं असेल, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं. २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काच्या कागदावर सही झाली, बांबू उभा होता, गिऱ्हाईक होतं. तरी गावाला बांबू विकता येईना. कारण माल जंगलाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, टीपी, आणि त्या परवान्यांचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर होतं. शिवाय बांबू गवत की झाड, हा वाद. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. मालकी २००९ ची, पण माल हलवायचा अधिकार २०११ चा. मधली दोन वर्षं हक्क होता आणि पुस्तक नव्हतं.

बॉसचा सोर्स कोड उघडा आहे, म्हणजे कागदावर तो माझा, तुमचा, मोहगावच्या शाळेचा आहे. तो बदलायचा हक्क परवान्यातच लिहिलेला आहे. पण पुढच्या आवृत्तीत काय जाईल आणि काय नाही, हे ठरवणारं पुस्तक कुणाच्या टेबलावर आहे? एटापल्लीच्या कुणी सांगितलं की प्रिंट मराठीत काढताना जोडाक्षरं तुटतात, तर ते कुठे नोंदवलं जातं, कितव्या क्रमांकावर जातं, आणि झालं की नाही हे त्याला कोण सांगतं? मुक्त सॉफ्टवेअरची चर्चा आपल्याकडे मालकीपाशी येऊन थांबते. मेंढ्याने दाखवलं की मालकीनंतरचं काम पुस्तकाचं असतं.

म्हणून माझी पहिली मागणी कुठल्याही सोयीची नाही. प्राधान्यांची यादी उघड करा. ती मराठीत, गोंडीत, हिंदीत वाचता येऊ द्या. वापरणाऱ्याला तिच्यात ओळ घालता येऊ द्या. ती ओळ फोनवरून, बोलून घालता येऊ द्या, कारण ज्याचा कॉम्प्युटर बिघडलाय तो कॉम्प्युटरवरून तक्रार कशी करणार? आणि वर्षातून एकदा टीमने अशा ठिकाणी येऊन बसावं जिथे आवृत्ती खरोखर वापरली जाणार आहे. जुलैत या. पूल बुडालेला असेल तर अलीकडे थांबा, पाणी उतरलं की पलीकडे जा.

तिथे पुढच्या आवृत्तीची परीक्षा घ्यायला पाच कामं पुरतील. २ जीबी रॅमच्या मशीनवर ती बसवा. नेट बंद ठेवून पेनड्राइव्हवरून अपडेट करा. डीव्हीबी-टीटीमधला जुना ठराव उघडून युनिकोडमध्ये आणा. तीनशे मजुरांची यादी करताना मधेच मेन स्विच बंद करा आणि परत चालू केल्यावर किती ओळी उरल्या ते मोजा. शेवटी ती यादी गोंडी मथळा देऊन जुन्या प्रिंटरवर छापा. पाचही जमलं, तर त्या आवृत्तीला काय वाटेल ते नाव द्या. नाही जमलं, तर ती यादी ग्रामसभेच्या मुलांसमोर ठेवा आणि आधी काय करायचं ते त्यांना लिहू द्या.